वर्गनिरीक्षण होतं, शेरे लिहिले जातात, तरी शिकवणं का बदलत नाही?

हा प्रश्न एका मुख्याध्यापक बाईंनी विचारला आहे. बरीच वर्षं शिकवून मुख्याध्यापक झालेल्या या बाई आठवड्याला चार-पाच तास बघतात, निरीक्षण वहीत मनापासून सविस्तर शेरे लिहितात, शिक्षक वाचून सही करतात, आणि पुढच्या खेपेला वर्गात गेलं की शिकवणं जसंच्या तसं. शिक्षक कामचुकार नाहीत. मग घोडं अडतं कुठे?

अडतं शेऱ्यापाशीच. 'विद्यार्थ्यांचा सहभाग वाढवावा', 'फळ्याचा योग्य वापर करावा', 'विचारप्रवर्तक प्रश्न विचारावेत' या वाक्यांवर कुणाचंच दुमत नसतं, आणि त्यातून कुणाच्या हाताला काही लागतही नाही. उद्या दुसऱ्या तासाला कोणता प्रश्न कुणाला विचारायचा, उत्तर चुकलं तर पुढे काय करायचं, हे त्यात कुठेच नसतं. समोर चाळीस मुलं असताना शिक्षक बराचसा सवयीने वागतो. दर क्षणी थांबून विचार करायला त्याला सवडच नसते. आणि ही सवय फार जुनी असते. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ डॅन लॉर्टी यांनी १९७५ मध्ये मांडलं की माणूस शाळा संपेपर्यंत सुमारे १३,००० तास शिक्षकांच्या समोर बसून काढतो, आणि शिकवणं म्हणजे काय याची त्याची कल्पना तिथेच पक्की होते. पुढचं प्रशिक्षण तिला फारसं हलवू शकत नाही. एवढ्या जुन्या सवयीपुढे वहीतल्या चार ओळी काय टिकणार?

म्हणून निरीक्षण संपलं पाहिजे ते एका लहानशा बदलाच्या सरावाने. त्या बदलाचा परिणाम झाला की नाही हे ठरवायचं मुलांच्या वह्यांवरून, शिक्षकाच्या हावभावांवरून नाही. खाली त्यांना आणि त्यांच्यासारख्या सगळ्या मुख्याध्यापकांना जे सांगतो आहे ते सगळं या एका गोष्टीसाठी आहे.

आधी एक सावधगिरी. शेरे चालत नाहीत असं दिसलं की अनेक मुख्याध्यापक फेऱ्या वाढवतात, रोज प्रत्येक वर्गात पाच-पाच मिनिटं डोकावतात. जेसन ग्रिसम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या मायामी-डेड भागातल्या सुमारे शंभर मुख्याध्यापकांचा शाळेतला दिवस तीन शैक्षणिक वर्षं प्रत्यक्ष सोबत राहून नोंदवला. २०१३ मध्ये त्यांनी दाखवलं की शिक्षकांना हाताशी धरून मार्गदर्शन करण्यात मुख्याध्यापकांचा जितका वेळ जात होता, तितकी मुलांची प्रगती अधिक होती. उलट नुसत्या फेऱ्यांना जास्त वेळ जात असे तिथे, विशेषतः माध्यमिक शाळांत, प्रगती कमी होती. फेरीने नुकसान होतं असा याचा सरळ अर्थ काढू नये. पण फेरीत पाहिलेल्या गोष्टीवर पुढे शिक्षकाशी बोलणंच होत नसेल, तर तो वेळ वाया जातो. न्यूझीलंडच्या व्हिव्हियन रॉबिन्सन यांनी २००८ मध्ये उपलब्ध अभ्यास एकत्र करून तपासले, तेव्हा नेतृत्वाच्या पाच पैलूंपैकी सगळ्यात मोठा परिणाम एकाचा निघाला: शिक्षकांच्या शिकण्याला चालना देणं आणि त्यात स्वतः सामील होणं. यातला दुसरा भाग बहुतेक जण सोडून देतात.

आता वेळेचा हिशोब, कारण बेत बहुधा इथेच फसतो. शाळेत २४ शिक्षक आहेत असं धरा. एका भेटीला २० मिनिटं वर्गात आणि २० मिनिटं बोलणं, म्हणजे ४० मिनिटं. आठवड्याला आठ भेटी केल्या तर ५ तास २० मिनिटं लागतात आणि प्रत्येकाची पाळी तीन आठवड्यांनी येते. उपमुख्याध्यापक आणि पर्यवेक्षक यांनी मिळून आठवड्याला आणखी आठ भेटी वाटून घेतल्या तर हेच अंतर दीड आठवड्यावर येतं. तीन आठवड्यांपेक्षा जास्त अंतर पडलं तर मागचं बोलणं दोघांच्याही डोक्यातून जातं. वर्षातून दोनदा पूर्ण तास बघण्यापेक्षा दर दोन-तीन आठवड्यांनी २० मिनिटं बघणं कितीतरी चांगलं. त्यासाठी वेळापत्रक करतानाच तुमचे आठ तास आणि त्या-त्या शिक्षकाचा त्याच दिवशीचा ऑफ तास जुळवून घ्या. भेटीचा तास 'जमेल तेव्हा' वर सोडला की तो कधीच जमत नाही, पालक, फोन आणि कागद तो खाऊन टाकतात.

अचानक जाऊ नका. छापा टाकल्यासारखं गेलं की शिक्षक नेहमीचं सोडून सगळ्यात सुरक्षित असं काहीतरी शिकवतो आणि तुम्हाला त्याची खरी अडचण दिसतच नाही. आदल्या दिवशी पाच मिनिटं बोला आणि दोनच गोष्टी विचारा: उद्याच्या तासात मुलं नेमकी कुठे अडखळतील असं वाटतं? आणि मी कुठल्या चार मुलांवर लक्ष ठेवू? पहिल्या प्रश्नाचं उत्तर आलं नाही, तर तासापेक्षा टाचणावर, म्हणजे तासाच्या लेखी तयारीवर, बोलणं जास्त गरजेचं आहे, हे तिथेच कळतं.

वर्गात शेवटच्या बाकावर बसायची रीत सोडा. तिथून शिक्षकाचा चेहरा आणि मुलांच्या पाठी दिसतात, आणि तुम्हाला बघायची असतात मुलं. फळ्याच्या बाजूला, भिंतीलगत, मुलांकडे तोंड करून बसा. वहीच्या पानावर एक उभी रेघ मारा. डावीकडे वेळ, उजवीकडे जे ऐकू आलं ते शब्दशः. 'छान', 'कमकुवत', 'नीरस' असलं विशेषण एकही नको. शेजारी बाकांचा साधा नकाशा काढा आणि ज्या मुलाला प्रश्न गेला त्याच्या जागी टिंब द्या. वीस मिनिटांनी हा नकाशा शिक्षकासमोर ठेवला की टिंबं पुढच्या आणि मधल्या बाकांवर गोळा झालेली बहुधा त्यालाच दिसतात. त्यावर तुम्हाला एक शब्दही बोलावा लागत नाही.

आणखी एक गोष्ट मोजा: प्रश्न विचारल्यापासून शिक्षक पुन्हा बोलेपर्यंतची सेकंदं. मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात विज्ञानाच्या तासांच्या ध्वनिफिती तपासल्या तेव्हा हा अवधी साधारण एक सेकंद निघाला. तो तीन सेकंदांवर नेला की मुलांची उत्तरं लांबली, 'माहीत नाही' आणि नुसतं गप्प बसणं कमी झालं, मुलं स्वतःहून जास्त बोलू लागली. त्यांनी दुसरा थांबाही मोजला होता, मुलाने उत्तर दिल्यानंतरचा. तो बहुतेकांना ठाऊक नसतो, आणि माझ्या मते तोच जास्त मोलाचा. मूल वाक्य संपवून श्वास घेतं, तेवढ्यात शिक्षक 'बरोबर' म्हणून मोकळा होतो आणि त्या मुलाच्या मनात तयार होत असलेलं पुढचं वाक्य तिथेच राहतं.

एक तास जवळून पाहू. विषय दशांश अपूर्णांकांची तुलना. शिक्षक विचारतात, ०.३५ आणि ०.८ यांत मोठी संख्या कोणती? पहिल्या बाकावरची मुलगी ०.८ सांगते, शिक्षक 'शाब्बास' म्हणतात, फळ्यावर लिहितात, पुढचं उदाहरण. तास उत्तम चालला आहे असं वाटतं. पण तुम्ही ज्या चार मुलांवर लक्ष ठेवून आहात त्यांतल्या दोघांच्या वहीत ०.३५ ला गोल केलेला आहे, कारण ३५ हे ८ पेक्षा मोठे. 'पॉइंट पस्तीस' असं वाचलं की हा समज आणखी घट्ट होतो. 'पॉइंट तीन पाच' असं वाचायला लावा. तिसऱ्या मुलाने ०.८ बरोबर लिहिलं आहे, पण त्याचं कारण वेगळंच आहे: अंक जितके कमी तितकी संख्या मोठी, असं त्याने मनाशी धरलं आहे. या एका प्रश्नात तो कधीच सापडणार नाही.

इथे करायचा बदल अगदी लहान आहे. एका जोडीऐवजी दोन जोड्या द्यायच्या: ०.३५ आणि ०.८, मग ०.६२ आणि ०.६. पूर्ण संख्येसारखा विचार करणारं मूल पहिल्या जोडीत चुकेल. कमी अंक म्हणजे मोठी संख्या असं मानणारं मूल दुसऱ्या जोडीत चुकेल. ज्याला स्थानिक किंमत खरंच कळली आहे तेच दोन्ही बरोबर सोडवेल. उत्तर तोंडी नाही, सगळ्यांनी एकाच वेळी पाटीवर किंवा वहीच्या मागच्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून वर धरायचं. शिक्षकाला तीस सेकंदांत अख्ख्या वर्गाचा अंदाज येतो. पॉल ब्लॅक आणि डिलन विल्यम यांनी १९९८ पासून जे मांडलं, की शिकवत असतानाच मुलांच्या समजुतीचा पुरावा गोळा करायचा आणि त्याप्रमाणे शिकवणं वळवायचं, ते प्रत्यक्षात इतकं साधं दिसतं.

नंतरचं बोलणं त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी. शक्यतो शिक्षकाच्या वर्गात, फळ्याजवळ बसून. तुमच्या खोलीत टेबलापलीकडे बसलात की ती झडती होते. सुरुवात साधारण अशी:

"सर, ह्या चार वह्या बघा. पहिल्या जोडीला कुणी काय लिहिलंय?"

"ह्या दोघांनी पस्तीसवाली मोठी धरलीय. अरे, पण वर्गात तर उत्तर बरोबर आलं होतं."

"किती जणांकडून आलं?"

"एकीकडूनच, मॅडम."

आता गप्प राहायचं. मुलांसाठी सांगितलेली ती तीन सेकंदं इथेही हवीत. बहुतेक शिक्षक पुढचं वाक्य स्वतःच म्हणतात: बाकीच्यांचं काय, ते मी बघितलंच नाही. हे त्यांच्या तोंडून येणं महत्त्वाचं आहे. तुम्ही आधी सांगून टाकलंत तर ते मान डोलावतील आणि विसरतील.

मग एकच बदल ठरवा. पाच सूचना मनात असतील, चार मनातच ठेवा. एका वेळी एकापेक्षा जास्त सवयी बदलत नाहीत, आणि सूचनांची यादी दिली की शिक्षक त्यातली सगळ्यात सोपी निवडतो. बदल असा हवा की पुढच्या भेटीत तो झाला की नाही हे हो किंवा नाही मध्ये सांगता येईल. 'मुलांकडे लक्ष द्या' हे तसं नाही. 'तासाच्या मध्यावर दोन जोड्यांचा प्रश्न, सगळ्यांचं लेखी उत्तर, मगच पुढे' हे आहे.

आणि मग सराव. ही पायरी लोक संकोचाने गाळतात, आणि ती गाळली की आधीचं सगळं फुकट जातं. शिक्षकाने उठून फळ्यासमोर उभं राहायचं आणि उद्याचा तो दोन मिनिटांचा भाग मोठ्याने म्हणून बघायचा: प्रश्न, थांबणं, पाट्या वर करायला सांगणं, चुकीचं उत्तर दिसल्यावर काय विचारायचं. तुम्ही चुकणाऱ्या मुलाची भूमिका घ्या. पहिल्यांदा दोघांनाही अवघडल्यासारखं होतं. तुम्ही स्वतः आधी करून दाखवलंत तर ते अवघडलेपण पाच मिनिटांत जातं. ब्रूस जॉइस आणि बेव्हर्ली शॉवर्स यांनी १९८०च्या दशकात हेच ठासून सांगितलं होतं: नुसतं समजावणं आणि प्रात्यक्षिक दाखवणं यातून माहिती मिळते, पण नवीन पद्धत रोजच्या वर्गात उतरते ती सराव आणि त्यानंतर वर्गात मिळणारी सोबत असेल तरच. शिबिरातून आलेला उत्साह आठवड्याभरात का विरतो, याचं कारण हेच आहे.

उठण्याआधी पुढच्या भेटीचा दिवस आणि तास दोघांच्या वहीत लिहा. तो शक्यतो त्याच वर्गाचा असू द्या.

चुका कुठे होतात, त्यातल्या दोन-तीन सांगतो. सगळ्यात नुकसान करणारी म्हणजे मदत आणि मूल्यमापन एकाच कागदावर करणं. रूथ बटलर यांनी १९८८ मध्ये शाळकरी मुलांवर केलेला एक प्रयोग इथे उपयोगी पडतो. काही मुलांना फक्त गुण दिले, काहींना फक्त लेखी सूचना, काहींना दोन्ही. ज्यांना फक्त सूचना मिळाल्या त्यांचं पुढचं काम सुधारलं. सूचनांसोबत गुणही मिळाले, त्यांचा फायदा जवळपास पुसला गेला. गुण दिसले की नजर तिथेच थांबते. प्रयोग मुलांवरचा असला तरी निरीक्षणाच्या फॉर्मवर अ, ब, क अशी श्रेणी टाकल्यावर मोठी माणसंही वेगळी वागत नाहीत. वार्षिक मूल्यमापन तुम्हाला करावंच लागतं, ते करा, पण त्याच्या भेटी वेगळ्या ठेवा, आधी सांगून ठेवा, आणि एका तासावरून किंवा एकाच व्यक्तीच्या बघण्यावरून निकाल लावू नका. वेगवेगळ्या तासांना वेगवेगळ्या दोघांनी बघितलं की निष्कर्ष जास्त भरवशाचा होतो.

दुसरी चूक चांगल्या शिक्षकातून मुख्याध्यापक झालेल्यांची हमखास असते: आपली शैली दुसऱ्याच्या अंगावर चढवणं. तुम्ही गोष्ट सांगून शिकवत होता म्हणून सगळ्यांनी तसं करावं असं नाही. शांत आवाजात, फारसे हातवारे न करता अप्रतिम शिकवणारे शिक्षक असतात. त्यांच्या वर्गातल्या वह्या बघा, त्यांच्या अंगात नाट्य नाही म्हणून त्यांना कमी लेखू नका.

तिसरी गोष्ट चूक म्हणण्यापेक्षा मर्यादा आहे. तुमचा विषय भाषा असेल तर रसायनशास्त्राच्या तासात तुम्हाला शिस्त, प्रश्न, वेळ हे दिसेल, पण मुलं रेणू आणि अणू यांत कुठे गोंधळतात ते दिसणार नाही. ली शुलमन यांनी १९८६ मध्ये हा भेद नेमका मांडला: विषय येणं एक, शिकवण्याच्या सर्वसाधारण युक्त्या येणं दुसरं, आणि तो विषय मुलांना कसा समजतो आणि कसा चुकीचा समजतो याचं ज्ञान तिसरं. हे तिसरं ज्ञान तुमच्याकडे सगळ्या विषयांचं असूच शकत नाही. तिथे जपानी शाळांतला पाठ-अभ्यास कामाला येतो. एका विषयाचे चार-पाच शिक्षक मिळून एकच तास बारकाईने तयार करतात, मुलं काय-काय उत्तरं देतील ते आधी लिहून काढतात. एक जण शिकवतो, बाकीचे मुलांजवळ उभे राहून ती काय लिहितात ते टिपतात, मुलांना मदत करत नाहीत. नंतरच्या चर्चेत आधी शिकवणारा बोलतो. चर्चा तासावर होते, माणसावर नाही, कारण तो तास सगळ्यांनी मिळून बनवलेला असतो. वर्षातून प्रत्येक विषयाचे असे दोन तास पुरेसे आहेत. त्यासाठी लागणारी बदलीच्या तासांची सोय करणं हे तुमचं काम, आणि ते काम चर्चेत भाग घेण्याइतकंच महत्त्वाचं.

शिक्षकसभेचा वेळही इथेच वळवता येतो. परिपत्रकं आणि सूचना फलकावर लावा किंवा लेखी पाठवा. सभेची ४० मिनिटं वह्यांना द्या. एका विषयाच्या सहा वह्या आणायच्या, दोन चांगल्या, दोन मधल्या, दोन मागे पडलेल्या, नावं झाकून. पहिली दहा मिनिटं फक्त 'इथे काय दिसतं' हे बोलायचं, 'मुलं लक्ष देत नाहीत', 'घरी कुणी बघत नाही' ही वाक्यं या वेळात बंद. पुढची पंधरा मिनिटं मूल असा विचार का करत असेल यावर. उरलेल्या वेळात उद्या वर्गात काय वेगळं करायचं ते प्रत्येकाने एका ओळीत लिहायचं. पहिल्या दोन-तीन सभांत लोक कारणांकडेच घसरतात. शांतपणे पुन्हा वहीकडे आणा. चौथ्या सभेपासून शिक्षक स्वतःच एकमेकांना वहीकडे आणू लागतात.

तुम्ही स्वतः आठवड्याला निदान दोन तास शिकवत राहा, आणि त्या तासांना शिक्षकांना बघायला बोलवा. बघायला आलेल्यांना आदल्या दिवशीचे तेच दोन प्रश्न विचारू द्या, नकाशावर टिंबं काढू द्या, आणि नंतर तुमच्या टिंबांवर बोलू द्या. आपल्या मुख्याध्यापकांनाही मागचे बाक सुटतात आणि त्या ते दुरुस्त करतात, हे एकदा डोळ्यांनी बघितलं की निरीक्षणाची भीती ज्या वेगाने ओसरते, तसं कुठल्याही भाषणाने होत नाही.

जुने, अनुभवी आणि मनातून विरोध असलेले शिक्षक शेवटी घ्या. सुरुवात उत्सुक असलेल्या चार-पाच जणांपासून करा. विरोध करणाऱ्याशी वाद घालू नका, त्याच्याकडे असलेलं काहीतरी मागा: "तुमच्या वर्गातली भूमितीची आकृती इतकी नेटकी कशी येते, ते नव्या मॅडमना बघायचंय." तो आपला वर्ग उघडतो ते इथून. त्यानंतरही कुणी सतत नकार दिला आणि मुलांचं नुकसान होत असेल, तर तो विषय मदतीचा राहत नाही. तिथे स्पष्ट लेखी अपेक्षा, मुदत आणि तुमची नियमावली यांचा मार्ग घ्यावा, आणि तो घेताना मदतीच्या भेटींतल्या नोंदी पुरावा म्हणून वापरू नयेत. एकदा जरी वापरल्या तरी शिक्षकांच्या खोलीत ती गोष्ट त्याच दिवशी कळते, आणि मग बाकीचे तेवीस जण पुन्हा सुरक्षित तास दाखवू लागतात.

परिणाम किती दिवसांत दिसेल, हे तुम्ही विचारलं नाहीत पण वरिष्ठ विचारतील. ठरवलेला बदल वर्गात दुसऱ्या-तिसऱ्या भेटीला दिसायला हवा. नाही दिसला तर बदल फार मोठा होता किंवा सराव झाला नव्हता, तो आणखी लहान करा. वह्यांतल्या चुकांचा प्रकार बदलायला साधारण एक सत्र जातं. परीक्षेचे गुण सगळ्यात शेवटी हलतात, आणि पहिल्या सत्रात ते किंचित खालीही येऊ शकतात, कारण शिक्षक नव्या पद्धतीत अजून चाचपडत असतो. त्या सत्रात गुणांवरून शिक्षकाला बोल लागू देऊ नका. वरून विचारणा झाली तर उत्तर तुम्ही द्या, हातात सुरुवातीच्या आणि आत्ताच्या वह्या घेऊन. त्यासाठी पहिल्याच आठवड्यात प्रत्येक वर्गातल्या चार-चार वह्यांच्या पानांच्या झेरॉक्स काढून, तारीख टाकून फाइलला लावून ठेवा.